पिंपावर दर्भ नव्हता

ऑपरेशनसाठी सोलापूरला जाण्याआधी नरहरराव सरांनी मला प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बोलावून टाकीसमोर उभं केलं. तीनशे लिटरची काचेची टाकी. आत समुद्राचं पाणी, म्हणजे सरांनी गुलबर्ग्यात बसून बनवलेलं समुद्राचं पाणी. मधोमध दगडावर ते पोवळं. पसरट वाटीसारखं, मातकट पिवळं, आणि वाटीभर उमललेली त्याची बारीक बारीक तोंडं, शेवंतीच्या पाकळ्यांसारखी हलणारी.

"रोज संध्याकाळी चुन्याची निवळी थेंब थेंब सोडायची. त्याआधी कॅल्शियम मोजायचं, ते तुम्हाला येतं. पाणी तापू नये म्हणून टाकीवर ओलं पोतं ठेवायचं. दर मंगळवारी चाळीस लिटर पाणी काढायचं आणि व्हरांड्यातल्या पिंपातलं चाळीस लिटर घालायचं," सर म्हणाले. "मॅग्नेशियमची काळजी तुम्ही करू नका. ते पिंपातल्या पाण्यात मी बरोबर बसवून ठेवलंय. महिना निघेल."

"आणि काही झालं तर?"

"तर मला कळवा. मी काही मरायला जात नाही, इंदुताई. पित्ताशय काढायला जातोय."

दोन वर्षांपूर्वी मुलांच्या सहलीबरोबर ते मंडपमला गेले होते. तिथून हा गोळा पत्र्याच्या डब्यात, समुद्राच्या पाण्यात बुडवून, दोन दिवस आगगाडीत मांडीवर धरून त्यांनी आणला. जवळचा समुद्र जिथून चार-पाचशे किलोमीटर, तिथे पोवळं जगवायला निघालेत म्हणून सगळं कॉलेज हसलं होतं. पण ते जगलं. नुसतं जगलं नाही, दोन बोटं वाढलं. सरांनी ती वाढ सुताने मोजून ठेवली होती. त्यांचं दुसरं काही कौतुक कुणी केलं असेल नसेल, पण हे जिवंत होतं आणि ते आता माझ्या हाती देऊन ते निघाले होते.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. मोजमाप मला येतं, ब्युरेट धरता येतं. सरांनी दुसऱ्या कुणाला न सांगता मला सांगितलं ते त्यासाठीच.

सर सोमवारी गेले. शनिवारी, अमावास्येला, सूर्यग्रहण होतं. मोठं. त्याच्या आठ दिवस आधीपासून गावात दुसरा विषय नव्हता. शुक्रवारी कॉलेज लवकर सुटलं. मी घरून दर्भ नेला होता. पिण्याच्या पाण्याच्या मडक्यात टाकला, डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्यांवर ठेवला, आणि टाकीच्या काचेच्या झाकणावर एक जुडी आडवी ठेवली. प्रयोगशाळेतल्या शिपाई रुद्रम्माने ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून ती हसली.

"मासोळ्यांच्या पाण्यालाबी सूतक लागतंय व्हय अक्का?"

"मासे नाहीत त्यात, रुद्रम्मा. जीव आहे. सरांनी विश्वासाने ठेवलाय."

"आमच्यात न्हाई बाई ग्रहणाचं सूतक. गळ्यात लिंग हाय, आनि काय लागायलंय? मी तर उद्या भाकरी थापून दारात बसून खाणार."

"खा बाई. डोळे तेवढे वर करू नकोस."

शनिवारी दुपारी रस्ते ओस पडले. मी देवघरात जपाला बसले होते. खिडकी बंद, तरी फटीतून येणारा उजेड हळूहळू पितळी होत गेला. बाहेर चिमण्या गप्प झाल्या. आणि त्याच वेळी, माळेचे मणी मोजता मोजता, मला आठवलं की व्हरांड्यात, दाराआड ठेवलेल्या पिंपावर मी दर्भ ठेवलाच नाही.

उठून जाता येईना. ग्रहण लागलेलं. जप मधे सोडता येईना. मोक्ष होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. ओठ नाव घेत होते आणि डोळ्यांसमोर ते उघडं पिंप.

ग्रहण सुटल्यावर आंघोळ केली, घरातलं भरलेलं पाणी ओतून नवं भरलं. सगळ्यांच्या मोऱ्यांतून तेच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी कॉलेजात गेले. रुद्रम्मा आवारातच राहते, तिच्याकडे किल्ली. दार उघडून घेतलं आणि पिंपाच्या तळाची तोटी सोडून दिली.

तोटीचा आवाज ऐकून रुद्रम्मा धावत आली.

"अक्का! हे कामून सांडायलाव? सरांनी बनवून ठिवलेलं पानी हाय त्ये!"

"ग्रहणातलं आहे. दर्भ नव्हता."

"मग कुणी पिणार हाय व्हय ते?"

"ते पिणार आहे," मी टाकीकडे बोट दाखवलं. "आपण जे पीत नाही, ते त्याला कसं पाजायचं?"

रुद्रम्मा पाण्याकडे बघत राहिली. ते व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून उतरून लिंबाच्या आळ्यात चाललं होतं. "त्ये लिंबाचं झाड मरंल आता," ती म्हणाली, "खारट पान्यानं. बघा तुमी."

मला वाटलं होतं, पाणी काय, पुन्हा बनवू. सरांच्या कपाटाच्या दाराला आतून कृतीचा कागद चिकटवलेला होता. दोनशे लिटरला मीठ किती, सोडा किती, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात. मॅग्नेशियम क्लोराइड, दोन किलो. बरणी काढली तर तळाला पाणी सुटलेला एक गोळा. वजन केलं, साडेतीनशे ग्रॅम. हे सर मुंबईहून मागवत. सांगितल्यापासून यायला दीड-दोन महिने.

त्या क्षणी सोलापूरला पत्र टाकायला हवं होतं. मी टाकलं नाही. त्यांचं ऑपरेशन दोन दिवसांवर होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. पत्र लिहायचं तर पाणी का नाही हे लिहावं लागलं असतं.

मी साडेतीनशे ग्रॅम घातलं आणि उरलेलं वजन मिठाने भरून काढलं. हायड्रोमीटर सोडला. तो सरांनी आखलेल्या लाल रेघेवर येऊन स्थिर उभा राहिला. खारटपणा बरोबर भरला. हायड्रोमीटरला मीठ कुठलं ते कळत नाही, नुसता जडपणा कळतो. आणि मला हे कळत होतं. प्रयोगशाळेत पंधरा वर्षं घालवलेल्या बाईला हे न कळायला काय झालं? पण ती रेघ बघितली आणि माझं मन निवांत झालं. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं.

पहिल्या मंगळवारी चाळीस लिटर बदललं. काही झालं नाही. दुसऱ्या मंगळवारी बदललं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी निवळी सोडताना पाणी दुधाळ झालं. थेंब पडला की त्याभोवती पांढरा धूर. सकाळपर्यंत निवळलं, पण काचेवर हात फिरवला तर बोटांना खरखर लागली.

कॅल्शियम मोजलं. उतरलं होतं. मी निवळी वाढवली. दुसऱ्या दिवशी आणखी उतरलं. मी दुप्पट केली. पोवळ्याची तोंडं पूर्वी सकाळी नऊला उमलायची, ती आता दुपारपर्यंत मिटलेली राहू लागली. वाटीच्या एका काठावर नखाएवढा पांढरा डाग दिसला. तिथलं मांस सुटून खालचा दगड उघडा पडला होता.

पाणी खराब झालं असेल म्हणून रविवारी, मंगळवारची वाट न बघता, मी साठ लिटर बदललं. माझ्याच हाताने बनवलेलं साठ लिटर.

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंचं पत्र आलं. सरांच्या पत्नी. लिहिलं होतं: "ऑपरेशन नीट झालं. टाके ओले आहेत. शुद्धीवर आल्यावर माझं नाव नाही घेतलं की मुलीचं नाही. विचारलं काय, तर पोवळं उमललंय का. आता रोज विचारतात. तुम्ही दोन ओळी लिहा म्हणजे माझी सुटका होईल."

मी कार्ड घेतलं. "पोवळं उत्तम आहे. सरांनी काळजी करू नये," असं लिहिलं आणि पेटीत टाकून आले. घरी येऊन पोथी उघडली. रोजचा एक अध्याय वाचायचा माझा नेम. त्या दिवशी अर्ध्यावर अक्षरं दिसेनात.

गुरुवारी डाग दोन बोटं झाला. मी ब्लेडने काचेवरची पांढरी खर खरवडत होते. खरवडून बशीत गोळा झालेला तो चुना बघता बघता मी थांबले. इतके दिवस मी जी निवळी घालत होते, ती सगळी इथे होती. काचेवर, पंपाच्या नळीवर, दगडांवर. पोवळ्याच्या वाट्याला काहीच गेलं नव्हतं. मी त्याला खाऊ घालत नव्हते, त्याच्याभोवती भिंत लिंपत होते.

सरांच्या वह्या काढल्या. त्यांनी एका ठिकाणी साध्या शब्दांत लिहिलं होतं: मॅग्नेशियम पुरेसं असेल तर ते कॅल्शियमला पाण्यात धरून ठेवतं. कमी झालं की कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं. मग कितीही निवळी घाला, उपयोग नाही. मॅग्नेशियम लिटरमागे बाराशे ऐंशी मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये.

मी ब्युरेट लावलं. कसोटीचा काळा रंग टाकला, पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लाल झालं, आणि ते निळं होईपर्यंत थेंब मोजत राहिले. त्यातून कॅल्शियमचा आकडा वजा केला. आठशे चाळीस आलं. पुन्हा केलं. आठशे चाळीस.

प्रत्येक वेळी पाणी बदलून मीच ते खाली आणलं होतं. जितकी जास्त काळजी केली तितकं जास्त.

क्लोराइड मिळणार नव्हतं. सल्फेट चालतं, असं वहीतच होतं. ते म्हणजे औषधाच्या दुकानातलं जुलाबाचं मीठ. पण मला लागणार होतं दीड किलो, आणि दुकानात मिळाल्या चिमूटभराच्या चार पुड्या. जनावरांच्या दवाखान्यात गेले तर तिथल्या माणसाने वही उघडली.

"जनावर काय आहे?"

"जनावर... पोवळं आहे."

"कोणतं?"

"पोवळं. समुद्रातलं."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, इथे गाय, म्हैस, शेळी, घोडा. बाकीच्यांसाठी प्राचार्यांचा अर्ज आणा."

प्राचार्यांना काय सांगायचं? मी परत आले. रुद्रम्मा टाकीसमोर उकिडवी बसली होती. तिने वर पाहिलं.

"मेलं?"

"अजून नाही."

"मग अशा कामून दिसायलाव? काय पायजे ते तर सांगा."

मी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, कार्डासकट. ती मला हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "माझा धाकटा भाऊ चनमल्लप्पा खटकचिंचोळीला जनावराची दवा देतो. त्येच्या घरी पोत्यानं असतंय ते मीठ. मी येऊ का संगं?"

"तू टाकीजवळ थांब. पोतं ओलं ठेव."

शनिवारी पहाटे निघाले. हुमनाबादला गाडी बदलली. समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या गुलबर्ग्यात शरणबसप्पाच्या जत्रेला निघालेल्या माणसांनी भरलेल्या, टपावरसुद्धा माणसं. मी एकटी उलट्या दिशेने. दोन्हीकडे तूर निघालेली रानं, नुसती खुटं उरलेली. उन्हं दहालाच भाजायला लागली होती आणि मला टाकीचं पाणी तापत असेल याखेरीज काही सुचत नव्हतं.

चनमल्लप्पा गोठ्याच्या दारात एका बैलाच्या तोंडात नळकांडं घालून उभा होता. बैल सुटेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मग हात धुतले, पाणी विचारलं. मी घरून आणलेलं पाणी पिते हे बघून त्याला काही वाटलं नाही.

"आमच्या रुद्रम्मा अक्कानं निरोप धाडला होता कंडक्टरपाशी. किती वजनाचं जनावर हाय?"

"तीनशे लिटर पाणी आहे."

"म्हंजी म्हैसच म्हना की!" तो मोठ्याने हसला. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "बैलाला देतोय, रेड्याला देतोय. दगडाला कधी दिलं न्हाई, बाई."

"दगड नाही. जीव आहे त्यात."

"बरं. एक सांगतो. जीव आसंल तर एकदम पाजू नका. घाई करून एकदम पाजलं की जनावर बसतंय, आनि बसलं की उठत न्हाई. थोडं थोडं, रोज."

वहीतही तेच होतं. पण वहीत वाचून जे मनावर बसलं नव्हतं, ते त्या बैलाकडे बघून बसलं. दोन किलो मीठ त्याने जुन्या कापडात बांधून दिलं.

रविवारपासून सुरुवात केली. रोज अडीचशे ग्रॅम, गाळलेल्या पाण्यात विरघळवून, बारीक नळीने. निवळी पूर्ण बंद. मी आणि रुद्रम्मा आळीपाळीने नळी धरायचो. सोमवारी आकडा हजाराला टेकला. मंगळवारी मी पाणी बदललं नाही, फक्त मीठ सोडलं. बुधवारी अकराशे साठ. पाणी काचेसारखं झालं. पण डाग थांबला नव्हता. वाटीचा निम्मा भाग आता पांढरा होता, हाडासारखा, आणि उरलेल्या निम्म्यावरची तोंडं अर्धवट उघडून मिटत होती.

गुरुवारी सर आले. डॉक्टरांनी आणखी आठ दिवस सांगितले होते. ते ऐकले नाहीत. टांग्यातून उतरले, एक हात पोटावर दाबून धरलेला, मागे कुसुमताई कुरकुरत. सदरा अंगावर लोंबत होता. मला बघून हसले. "कार्ड मिळालं तुमचं. बरं वाटलं."

मी दारातच बोलायला पाहिजे होतं. पण ते आत गेलेसुद्धा. मी मागून गेले तेव्हा ते टाकीसमोर उभे होते आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं होतं, विसरल्यासारखं.

मी सगळं सांगितलं. दर्भ, पिंप, तोटी, साडेतीनशे ग्रॅम, लाल रेघ. आवाज नेहमीच हळू, त्या दिवशी मलाच ऐकू येईना, दोनदा त्यांनी "काय?" म्हणून विचारलं आणि तेच पुन्हा सांगावं लागलं. ते स्टुलावर बसले.

"ग्रहणाचं पाणी टाकलंत," ते म्हणाले. "माझी आईही टाकायची. तुमच्याजवळ ठेवून जाताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कॅलेंडर माझ्याही घरी आहे."

"सर, चूक माझी—"

"थांबा. पाणी टाकल्याचं मी काही म्हणत नाही. पाणी टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी कळवलं असतंत, तर मी अंथरुणातून लिहिलं असतं, बाजारातून जुलाबाचं मीठ आणा, टाकी ठीक राहिली असती. हे," त्यांनी पांढऱ्या भागाकडे बोट केलं, "हे ग्रहणाने नाही झालं. 'उत्तम आहे' लिहिलंत तेव्हा झालं."

कुसुमताई म्हणाल्या, "अहो, टाके—" त्यांनी ऐकलं नाही.

"आज किती?"

"बाराशे चाळीस."

"तुम्ही चढवलंत?"

"हो. रोज अडीचशे ग्रॅम."

ते वाकून बघायला लागले, पण पोटातून कळ आली आणि पुन्हा बसले. "मेलेला भाग जिवंत भागाला खातोय. तो कापावा लागेल. करवतीचं पातं कपाटात आहे. मला वाकता येत नाही."

मला कळायला क्षण लागला. "मी?"

"मग कोण?"

मी आजवर कधी पालीवर झाडू उगारलेला नाही. हात टाकीत घातला. पाणी कोमट होतं. पोवळं उचललं, त्याचं वजन अपेक्षेपेक्षा जास्त भरलं. माझा हात लागताच उरलीसुरली तोंडं मिटली. रुद्रम्माने परात पुढे धरली, त्यात टाकीचंच पाणी. मी पातं सरांनी दाखवलेल्या रेघेवर ठेवलं.

"पांढऱ्यात नाही," सर म्हणाले. "जिवंतात. एक बोट आत. थोडं चांगलंही जाईल. जाऊ द्या."

"सर, ते जिवंत आहे."

"म्हणूनच तिथे."

पहिल्या ओढीला पातं घसरलं. दुसऱ्या ओढीला आत शिरलं आणि खडूवर नखं ओढल्यासारखा आवाज झाला. पाण्यात पिवळसर चिकट काहीतरी सुटलं. मी नाव घेत होते की नाही मला आठवत नाही. रुद्रम्माचे हात परातीला घट्ट होते आणि ती कन्नडमधून मला हळू हळू म्हणत होती, ओढ, ओढ, थांबू नको. दहा-बारा ओढींत दोन तुकडे झाले. पांढरा तुकडा परातीत राहिला. हातातला मी टाकीत, पंपाच्या प्रवाहाकडे पाठ करून, दगडाच्या खाचेत बसवला.

सर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. एकही तोंड उघडलं नाही. कुसुमताईंनी त्यांना जवळजवळ ओढतच टांग्यात घातलं.

सकाळी मी आधी प्रयोगशाळेत गेले. नऊ वाजले, काही नाही. साडेनऊला एक उघडलं, मग शेजारचं. मी दहापर्यंत थांबले आणि दोनदा मोजून सरांच्या घरी गेले. ते अंगणात आरामखुर्चीत होते. मला बघून उठायला लागले.

"बसा सर. अकरा उघडलीत."

"अकरा!"

"पण कापलं त्याच्या काठाला रात्रीत तीन पांढरी झालीत. कालपर्यंत ती जिवंत होती. आणि टाकीचं पाणी एक अंश चढलंय, टाकीवरचा पंखा रात्री बंद पडला होता."

ते परत टेकले. मी उभी होते.

"तिन्ही एकाजवळ एक आहेत, की वेगवेगळी? एकाजवळ असतील तर तेवढंच पुन्हा कापता येईल."

"एकाजवळ एक," मी म्हणाले. "खालच्या बाजूला."